जुन्या दगडकामासाठी कोल्हापुरात कायमचा कारखाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात अंबाबाईच्या मंदिराविषयी येणाऱ्या बातम्यांची कात्रणं मी जपून ठेवतो. गरुड मंडपाचे लाकडी खांब खालून कुजल्याचं कळलं आणि मंडप नव्यानं उभारायचं काम हाती घ्यावं लागलं, ती बातमी आहे. मणकर्णिका कुंड माती उपसून मोकळं केल्याची आहे. मूर्तीची झीज, 2015 मधलं रासायनिक संवर्धन, किरणोत्सवात सूर्यकिरणांच्या वाटेत येणारी बांधकामं, सगळं आहे. प्रत्येक बातमीनंतर वाचकांची पत्रं येतात आणि बहुतेकांचा सवाल एकच असतो: हे वेळेवर का नाही केलं? मला वाटतं, या सवालाचं उत्तर माणसांच्या आळसात कमी आणि व्यवस्थेत जास्त आहे. वेळेवर करायला वेळेवर हजर असलेली माणसं लागतात, आणि ती आपल्याकडे नेमलेलीच नाहीत. जर्मनीतल्या उल्म या गावी एका मध्ययुगीन चर्चमध्ये मी जे पाहिलं, त्यावरून हे लिहितो आहे. पत्र लांबलं आहे. आपण काटछाट जरूर करा, पण शेवटची मागणी छापा ही विनंती.

माझी ओळख एवढीच की आयुष्यभर शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर म्हणून काम केलं. फौंड्रीत लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूची लाकडात प्रतिकृती करावी लागते, ते आमचं काम. ओतलेलं लोखंड थंड होताना शंभराला एक या हिशेबानं आकसतं, म्हणून आमची मोजपट्टीसुद्धा, म्हणजे श्रिंकेजची पट्टी, तेवढी वाढ धरूनच आखलेली असते. उभ्या बाजूला किंचित उतार दिला नाही तर पॅटर्न बाहेर काढताना वाळूचा साचा ढासळतो. अशा कामात हयात गेली की नजर वस्तूच्या शोभेआधी तिच्या सांध्यावर जाते. उल्मच्या चर्चमध्येही तसंच झालं.

माझी भाची त्या गावात इंजिनिअर आहे. तिच्या आग्रहानं आम्ही दोघं उन्हाळ्यात तिच्याकडे राहून आलो. उल्म डॅन्यूब नदीच्या काठावर वसलं आहे, लोकवस्ती सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या शहराच्या चौथ्या हिश्श्याएवढी. आइन्स्टाइन 1879 साली इथेच जन्मले. कोळ्यांच्या जुन्या वस्तीतली लाकडी चौकटींची घरं, पाण्याकडे झुकलेलं एक प्रसिद्ध वाकडं घर, हे सगळं पाहण्यासारखं आहे. पण गावात कुठेही उभं राहा, नजर त्या मनोऱ्याकडेच जाते. म्युन्स्टर म्हणतात त्या चर्चला. मनोऱ्याची उंची 161.53 मीटर. 1890 पासून ते जगातलं सर्वांत उंच चर्च होतं. 2025 च्या ऑक्टोबरअखेरीस बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियानं त्याला मागे टाकलं. मनोऱ्यात 768 पायऱ्या आहेत. आम्ही वर गेलो नाही, कारण मला खालीच इतकं पाहायचं होतं की वेळ पुरला नसता.

हे चर्च कोणी बांधलं, ते आधी सांगायला हवं. राजानं नाही, बिशपनंही नाही. उल्मला बिशपची गादी कधीच नव्हती, त्यामुळे एवढं मोठं असूनही ते कॅथीड्रल नव्हे, गावकऱ्यांचं चर्च आहे. गावाचं जुनं चर्च तटाबाहेर होतं. 1376 साली सम्राट चौथ्या चार्ल्सनं गावाला वेढा घातला आणि लोकांना आपल्याच चर्चपर्यंत जाता येईना. तेव्हा गावानं ठरवलं की नवं चर्च तटाच्या आत बांधायचं आणि स्वतःच्या पैशानं बांधायचं. 30 जून 1377 रोजी गावचा प्रमुख लुट्झ क्राफ्ट यानं पायाचा दगड बसवला. गावात तेव्हा माणसं होती दहा हजारांच्या आसपास, आणि चर्च आखलं ते वीस हजार माणसं उभी राहतील एवढं. तटाबाहेरचं जुनं चर्च उतरवून त्याची कोरीव दारं या नव्या चर्चला लावली. जुनं टाकून द्यायचं नाही, ही रीत पहिल्या दिवसापासूनची.

आतल्या एका खांबावर या प्रसंगाचं शिल्प आहे. लुट्झ क्राफ्ट आणि त्याची बायको एलिझाबेथ दोन बाजूंना उभे आहेत आणि दोघं मिळून अख्ख्या चर्चची प्रतिकृती मधल्या माणसाच्या पाठीवर ठेवत आहेत. तो मधला माणूस म्हणजे मुख्य गवंडी. ओझ्याखाली तो वाकला आहे. देणगीदाराचं नाव कोरलेली फरशी आपल्याकडे देवळादेवळांत असते. इथे देणगी देणाऱ्याच्या बरोबरीनं काम करणाराही दगडात आहे, आणि भार त्याच्या पाठीवर आहे. माझ्या मंडळी तिथेच थांबून राहिल्या आणि म्हणाल्या, "याला पगार वेळेवर मिळत असेल ना हो?"

आता बांधकामाबद्दल. आपलं अंबाबाईचं मंदिर काय किंवा खिद्रापूरचं कोपेश्वर काय, तिथे खांबावर तुळई आणि तुळईवर शिळा असते; घुमटाकडे जाताना प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे सरकवून गोल मिटवत नेलेला असतो. भार सरळ खाली जातो. गॉथिक बांधकामाची गोष्ट निराळी. टोकदार कमानी एकमेकींना छेदतात, त्यांच्या दगडी फासळ्यांवर छत तोललेलं असतं, आणि ते छत भिंतींना सतत बाहेर ढकलत असतं. त्या ढकलण्याला बाहेरून आधार दिला, तरच भिंती पातळ ठेवून तिथे भल्या उंच रंगीत काचा बसवता येतात. आधार कमी पडला की सांधे उघडू लागतात. म्हणजे असं बांधकाम एकदा उभारून सोडून देता येत नाही. त्याच्यावर नजर ठेवणारा माणूस कायम लागतो.

उल्ममध्ये याचा अनुभव त्यांनी भरपूर घेतला. उलरिश फॉन एन्झिंगन या मुख्य गवंड्यानं 1392 पासून पश्चिमेचा भव्य मनोरा आखला. पुढे माथेउस ब्यॉब्लिंगरच्या हाताखाली तो उंच चढत गेला आणि पाया कुरकुरू लागला. 1492 साली वरून दगड निखळून खाली पडले. ब्यॉब्लिंगरला गाव सोडून जावं लागलं. मग आउग्सबुर्गहून बुर्कहार्ट एंगेलबेर्गला बोलावून आणलं. त्यानं मनोऱ्याचा पाया भक्कम केला, आणि बाजूच्या दालनांचं छत फार रुंद होतं म्हणून प्रत्येक दालनात मधोमध सडपातळ गोल खांबांची एक रांग घालून त्याचे दोन भाग केले. आज आत गेलं की हे खांब सगळ्यांत देखणे वाटतात. लोक त्यांचे फोटो काढतात. ते दुरुस्तीचे खांब आहेत हे कळल्यावर मी त्यांच्याजवळ बराच वेळ उभा होतो. दुरुस्तीही मूळ कामाइतकीच जीव लावून करता येते, हे मी दगडात इतकं ठळक पहिल्यांदाच पाहिलं.

1543 साली काम थांबलं. पैसा आटला होता आणि मधल्या काळात गाव प्रोटेस्टंटही झालं होतं. जेमतेम शंभर मीटरचा बोडका मनोरा तीनशे वर्षं तसाच उभा राहिला. 1844 मध्ये काम पुन्हा सुरू झालं, तेव्हा आधी काय केलं ते आपल्या सगळ्या समित्यांनी ऐकावं असं आहे. मनोऱ्याचं टोक चढवलं असतं तर नाव झालं असतं. त्यांनी ते शेवटी ठेवलं. आधी मुख्य दालनाच्या दोन्ही अंगांना उडत्या कमानींचे आधार बांधले, कारण मध्ययुगात ते राहून गेले होते आणि छताचा दाब भिंतींवर येत होता. सगळं भक्कम झाल्यावर 1885 ते 1890 या काळात आउगुस्ट फॉन बायर यानं मनोरा पुरा केला, तोही ब्यॉब्लिंगरचं पंधराव्या शतकातलं रेखाचित्र समोर ठेवून. ते रेखाचित्र चारशे वर्षं सांभाळलेलं होतं. आमच्या धंद्यात जुनं ड्रॉइंग हरवलं तर जुन्या मशीनचा तुटलेला भाग पुन्हा ओतता येत नाही. कुणीतरी तुटक्या तुकड्यावरून अंदाजानं मापं घेतो आणि काम फसतं. त्यामुळे त्या कागदाची किंमत मला कुणी समजावून सांगायला लागली नाही.

लाकडाच्या माणसानं लाकडाविषयी लिहिलं नाही असं कसं होईल? वेदीकडच्या भागात ओक लाकडाची कोरीव आसनं आहेत. यॉर्ग झुर्लिन या सुतारानं 1469 ते 1474 या काळात केलेली. कामावर त्यानं आपलं नाव आणि ही दोन्ही सालं घातली आहेत. आसनांच्या टोकांना अर्धपुतळे आहेत आणि त्यांत संतांआधी भेटतात ते जुने ग्रीक आणि रोमन विद्वान: टॉलेमी, सिसेरो, सेनेका. चर्चमध्ये पायथागोरस भेटेल असं मला वाटलं नव्हतं. तो तंतुवाद्य छेडत बसला आहे. मी चष्मा पुसून जवळ गेलो. तारांवरच्या बोटांच्या पेरांवर लाकडाच्या रेषा अशा वळल्या आहेत की लाकूड निवडतानाच त्यानं बोट कुठे येणार ते ठरवलं असावं. पटाशीचा एकही आडवा ओरखडा दिसत नाही. समोरच्या ओळीत बायका आहेत, भविष्य सांगणाऱ्या, आणि एकीचाही चेहरा दुसरीसारखा नाही. 1531 साली धर्मसुधारणेच्या लाटेत या चर्चमधल्या वेद्या आणि मूर्ती काढून टाकल्या गेल्या, पण ही आसनं वाचली.

पश्चिमेच्या दारात मधल्या खांबावर ख्रिस्ताची एक मूर्ती आहे. जखमा दाखवणारा, थकलेला ख्रिस्त. हान्स मुल्चर यानं 1429 साली घडवलेली. पण दारात आहे ती प्रतिकृती. मूळ मूर्ती पाऊस-बर्फापासून वाचवायला आत नेऊन ठेवली आहे. प्रतिकृती घडवायला तसाच हात लागतो. तो हात गावात आहे म्हणून हे जमलं. आपल्या करवीर तालुक्यात गावोगावी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, आहेत. कुणी पारावर टेकवून ठेवलेले, कुणी ऑइलपेंट फासलेले, कुणी गटाराच्या कडेला पायरी म्हणून घातलेले. लोकांना त्यांची भक्ती आहे, माया आहे, पण काय करायचं ते सांगणारं कुणी नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं त्या गोष्टीकडे येतो. चर्चपासून हाकेच्या अंतरावर त्या चर्चचा स्वतःचा दगडकामाचा कारखाना आहे. तिकडे त्याला बाउह्युटं म्हणतात. 1844 साली काम पुन्हा सुरू झालं तेव्हा तो नव्यानं उभा राहिला आणि 1890 मध्ये मनोरा पुरा झाल्यावरही बंद केला नाही. तिथे पाथरवट पगारावर असतात, त्यांच्यावर एक मुख्य असतो, आणि शिकाऊ मुलं-मुली असतात. चर्चच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्याला परांची बांधलेली असतेच. एका बाजूचं काम उरकेपर्यंत दुसऱ्या बाजूचे दगड सुटायला लागलेले असतात, म्हणून कारखाना थांबत नाही.

भाचीनं विचारून घेतल्यामुळे आम्हाला थोडं आत डोकावता आलं. एक विशी-बाविशीची मुलगी वालुकाश्माच्या ठोकळ्यावर काम करत होती. शेजारी जुना, झिजून खडबडीत झालेला दगड काढून ठेवला होता. जुन्या दगडाच्या छेदाबरहुकूम कापलेला पातळ पत्र्याचा साचा तिनं नव्या ठोकळ्याच्या तोंडावर धरला, टोकदार सळीनं कडेकडेनं रेघ ओढली, तोच साचा मागच्या तोंडावर धरून तीच रेघ ओढली. मग गोल डोक्याची लाकडी मोगरी आणि छिन्नी घेऊन दोन रेघांच्या मधला दगड उतरवायला लागली. दर चार-सहा ठोक्यांनंतर सरळ पट्टी टेकवून खाली उजेड दिसतो का ते बघायची. ही पट्टी टेकवायची आणि उजेड बघायची पद्धत मी उद्यमनगरात शिकलो आणि पुढच्यांना शिकवली. भाषा येत नव्हती तरी ती काय करते आहे ते मला सगळं समजत होतं. तिनं माझे हात बघितले आणि स्वतःची छिन्नी माझ्या हातात दिली. मी दगडाला लावली नाही, तिच्याच कामाला धक्का लागला असता. पण धार अंगठ्यावर घेऊन पाहिली. उत्तम लावलेली होती.

अशा कारखान्यांची परंपरा युरोपात अजून जिवंत आहे. स्ट्रासबुर्गच्या कॅथीड्रलची तशीच संस्था तेराव्या शतकापासून चालत आली आहे. 2020 साली युनेस्कोनं जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रिया, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड या पाच देशांतल्या या कारखान्यांची नोंद वारसा जपण्याच्या चांगल्या पद्धतींमध्ये केली. इमारतींची नोंद युनेस्को करतं हे आपल्याला ठाऊक असतं. इथे नोंद झाली ती काम चालू ठेवण्याच्या पद्धतीची.

आपल्याकडे काय होतं? जुन्या दगडी कामाला भेग पडली की आधी तक्रार, मग पाहणी, मग अंदाजपत्रक, मग निविदा. निविदा सर्वांत कमी दरवाल्याला जाते. तो बाहेरून माणसं आणतो. ती माणसं कदाचित चांगलीही असतील, पण काम संपलं की निघून जातात आणि त्यांना या देवळाविषयी जे कळलं ते त्यांच्याबरोबर जातं. पुढच्या वेळी पुन्हा कोरी पाटी. आमच्या भागातल्या एका जुन्या देवळाच्या जोत्याच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, काही वर्षांपूर्वी सिमेंटनं भरल्या. पहिल्या पावसाळ्यात छान दिसलं. नंतर दगडांवर पांढरी झिलई येऊ लागली आणि आतल्या बाजूला ओल दिसू लागली. काळा पाषाण स्वतः पाणी फारसं पीत नाही. पाणी जातं-येतं ते सांध्यातून. चुन्याच्या दरजेतून ते बाहेर पडतं. सिमेंट वाट बुजवतं आणि पाणी आत कोंडतं, शिवाय त्यातले क्षार दगडावर येऊन बसतात. जुने गवंडी चुना दगडी चाकाच्या घाणीत मळून त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचे. आज असा चुना मळणारा माणूस शोधायचा तर कुठे जायचं? कंत्राटदाराला दोष देऊन काय उपयोग, अंदाजपत्रकातच सिमेंट लिहिलेलं होतं.

आणि आपल्याकडे काम थोडं आहे का? अंबाबाईचं मंदिर तर आहेच. पंचगंगा घाटावरची लहानमोठी देवळं दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात. 2019 आणि 2021 चे महापूर त्यांनी सोसले. खिद्रापूरचं बाराव्या शतकातलं शिलाहारांचं कोपेश्वर मंदिर कृष्णेच्या काठावर आहे. त्याच्या स्वर्गमंडपाचे 48 खांब पाहायला लोक लांबून येतात आणि छताच्या त्या गोल मोकळ्या जागेखाली उभे राहून वर बघतात. जोत्यावरचे हत्ती मात्र सोंडा तुटलेले, झिजलेले. भवानी मंडप आहे, रंकाळ्याचं दगडी बांधकाम आहे, पन्हाळ्याचे दरवाजे आणि बुरूज आहेत.

परक्या देशातल्या चर्चचं उदाहरण आमच्या देवळांना कशाला, असं कुणी म्हणेल. त्यांनी टाऊन हॉलच्या बागेत जाऊन त्या संग्रहालयाच्या इमारतीकडे पाहावं. मेजर चार्ल्स मँट यांनी 1870 च्या दशकात बांधलेली ती इमारत गॉथिक धाटणीचीच आहे. तीच टोकदार कमान, तेच उंच निमुळते कळस, पण दगड आपला काळा आणि तो घडवणारे हातही इथलेच. समोरचं सीपीआर रुग्णालय, पुढे नवा राजवाडा, सगळं मँट यांच्याच आराखड्यावरचं. परक्या धाटणीची कमान आपल्या पाषाणात उतरवण्याएवढी करामत दीडशे वर्षांपूर्वी या शहरात होती. मी लहानपणी त्या कमानींखाली खेळलो आहे.

एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण लिहितोच. 2016 साली उल्मच्या या चर्चची बातमी जगभर गेली होती, ती मनोऱ्याच्या उंचीची नव्हती. रात्री मौजमजा करून आलेले लोक भिंतींच्या कडेला लघवी करतात आणि तिच्यातल्या क्षारांनी वालुकाश्म झिजतो, असं खुद्द देखभाल करणाऱ्यांनी जाहीर सांगितलं. दंड पन्नास युरोवरून शंभर करण्यात आला. म्हणजे हा प्रश्न एकट्या आपल्या शहराचा नाही. फरक असा की तिथे भिंतीच्या पायथ्याशी दगडाची पापडी सुटते आहे हे रोज बघणारा माणूस होता, त्यानं कारण ओळखलं आणि तो बोलला. आपल्याकडे कुठल्या जुन्या भिंतींच्या आडोशाला काय चालतं ते शहराला ठाऊक आहे. त्या भिंती माझ्या आहेत असं मानून त्यांची काळजी करणारा पगारी माणूस एकही नाही.

म्हणून मागणी. कोल्हापुरात जुन्या दगडी आणि लाकडी वास्तूंसाठी एक कायमचा कारखाना सुरू व्हावा. वास्तूंचे मालक निरनिराळे आहेत, याची मला जाणीव आहे. अंबाबाई मंदिराचा कारभार देवस्थान समितीकडे, कोपेश्वर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, टाऊन हॉलचं संग्रहालय राज्याकडे. मालकी ज्याची त्याच्याकडे राहू दे आणि परवानग्याही नियमाप्रमाणे घ्याव्यात. पण काम करणारे हात एकाच ठिकाणी तयार होऊन सगळ्यांना मिळावेत. सुरुवातीला मोठी इमारत नको. एक शेड, दगड उचलायला साखळी-पुली, चुन्याची घाणी, एक सुतारी बाक आणि कागदपत्रांसाठी एक कोरडी खोली. पाच-सहा कारागीर महिन्याच्या पगारावर, निविदेवर नव्हे. त्यांच्या हाताखाली शिकणारी मुलं आणि मुली. रस्त्याच्या कडेला पाटे-वरवंटे घडवणाऱ्या घरांमध्ये टाकीचं, म्हणजे छिन्नीनं दगड घडवायचं, काम अजून पिढीजात आहे. त्या घरातल्या पोरांना पहिली संधी द्यावी आणि हातात दाखला द्यावा. आयटीआयमध्ये हा अभ्यासक्रम सुरू करता येईल. चित्र-शिल्प शिकवणाऱ्या संस्था या कलानगरीत आहेतच, त्यांच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक शिल्पाचं मापासकट रेखाटन करायला लावता येईल. पूर ओसरला की दरवर्षी घाटावर जाऊन कुठला दगड हलला, कुठली दरज उघडली याची वही भरायची, हे पहिलं काम.

पैशाचं म्हणाल, तर उत्सवाची वर्गणी गोळा करण्यात आपल्या तालमींचा हात कुणी धरणार नाही. उल्मच्या दहा हजार लोकांनी तेच केलं होतं. मंदिर परिसराच्या विकास आराखड्यावर एवढी चर्चा चालू असते. त्या आराखड्यात पार्किंग, भक्तनिवास, दर्शन मंडप यांच्या जोडीला या कारखान्यासाठी एक ओळ घालायला काय हरकत आहे? ती ओळ घालावी असं मी पालकमंत्री, महापालिका आणि देवस्थान समिती यांना आपल्या दैनिकाद्वारे कळकळीनं सांगतो.

आपल्यालाही एक विनंती आहे. ज्यांच्या घरात दगड घडवणारी, चुना मळणारी किंवा लाकडी खांब कोरणारी वयस्क माणसं आहेत, त्यांनी आपल्या कार्यालयात नावं कळवावीत असं आवाहन आपण छापावं. मी ओळखतो अशा दोघांची नावं त्यांच्या परवानगीनं मी आपल्याकडे आणून देईन. दोघंही सत्तरी ओलांडलेले आहेत आणि शिकायला कुणी आलं तर शिकवायला तयार आहेत. माझ्या पटाश्या, श्रिंकेजच्या पट्ट्या आणि कंपास अजून चांगल्या स्थितीत आहेत, तेही मी कारखान्याला देईन. सकाळचे दोन तास मला मोकळे असतात.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर
मंगळवार पेठ, कोल्हापूर